देवीला राक्षस मिळेना

एकदा काय झालं, ऐका हं. गोदे, पांघरूण ओढू नकोस, सगळ्यांना पुरेल एवढं आहे.

डोंगरात एक गाव होतं. पेरणीच्या आधी तिथे सोंगांची जत्रा भरे. घरोघरी लाकडी मुखवटे होते, आजा-पणज्यापासून चालत आलेले. ज्याच्या घरचा जो देव, तो त्यानेच नाचवायचा. आणि गंमत अशी, बरं का, मुखवटा चढवला की तो देव खरोखर अंगात येई.

लखमाच्या घरी मात्र देव नव्हता, राक्षस होता. चांगला शिंगांचा, सुळ्यांचा. दरवर्षी लखमा नाचे, देवीशी लढे आणि धाडकन पडे. मग देवी खूश होऊन डोंगरावर परत जाई, आणि लोक पेरणीला लागत.

लखमाला एक लाडकी लेक होती, सावळी. गावातली पोरं तिला चिडवत, "राक्षसाची पोर, राक्षसाची पोर!" मेली कार्टी! एक दिवस ती रडतच घरी आली. म्हणाली, "बा, आपल्याला राक्षस नको." लेकीच्या डोळ्यांत पाणी बघून बापाचं काळीज हललं. त्याने मुखवटा माळ्यावर टाकून दिला.

मग जत्रा आली. देवी तलवार उगारून उभी राहिली. समोर कुणीच नाही! आता राक्षस मारल्याशिवाय ती जाणार कशी? आणि ती गेल्याशिवाय पेरणी व्हायची कशी? गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

मग मारुती पुढे झाला. देवी म्हणाली, "तुझ्याशी कशाला लढू? तू तर आपलाच." मग पाटलाने नवा राक्षस करवून आणला, सोन्याचे डोळे लावलेला. देवी म्हणाली, "हा कोण? याची-माझी ओळख नाही." मग पुजाऱ्याने हात जोडले, "आई, यंदा तशीच जा." देवी म्हणाली, "तशी कशी जाऊ? मग मी आलेय कशाला?"

तलवार धरून धरून तिचा हात थरथरायला लागला. ते सावळीला दिसलं. तिला फार वाईट वाटलं. ती धावत घरी गेली, माळ्यावर चढली, मुखवटा परकराने पुसला आणि बापापुढे धरला. "बा, ऊठ. तिचा हात दुखतोय."

मग काय! लखमा असा नाचला, असा गरजला, की चिडवणारी पोरं आयांच्या मागे लपली. देवीने वार केला. लखमा धाडकन पडला. मग देवी खाली बसली. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने घाम पुसला. म्हणाली, "किती वाट बघायला लावलीस रे! तू नसलास तर मला देवी कोण म्हणेल?"

साऱ्या गावाने ऐकलं ते.

देवी हसत डोंगरावर गेली. पेरण्या झाल्या, पिकं आली, सगळे पोटभर जेवले. आणि पोरांचं रोज एकच भांडण, "राक्षस मी होणार!" "नाही, मी!" देव व्हायला कुणी तयारच होईना. तेव्हा सावळी कमरेवर हात ठेवून सांगे, "सरका मागे. राक्षस आमच्या घरचा आहे!"

चला, मिटा डोळे. राक्षससुद्धा केव्हाच निजला.