फिरती खुर्ची आणि वर्षाची दाढी

एका गावात एक भोळा न्हावी होता. गावाचं नाव सांगत नाही, माझ्यामुळं गावाला आधीच पुष्कळ ऐकून घ्यावं लागलंय. न्हावी म्हणजे मी, रंगा. भोळा हा शब्द गावाचा. माझी बायको हौसा दुसरा शब्द वापरते, तो पोराबाळांसमोर सांगण्यासारखा नाही.

माझं दुकान चिंचेखाली. दुकान म्हणजे एक पोतं, एक पत्र्याची पेटी आणि चिंचेला खिळा ठोकून टांगलेला आरसा. गिऱ्हाईक पोत्यावर, मी उकिडवा. गावात दुसरा न्हावी नामा. तो एसटी स्टँडवर पिंपळाखाली बसायचा. त्याचंही पोतंच. अर्धं गाव चिंचेखाली, अर्धं पिंपळाखाली, असं आमचं दोघांचं बरं चाललं होतं.

मग गावातली पोरं केस कापायला तालुक्याला जायला लागली. तिथं म्हणे खुर्ची असते. गोल फिरते, वर-खाली होते, मान मागं टेकवता येते. पोरांच्या मागं बाप जायला लागले. हौसा म्हणाली, "अवो, आपण पण खुर्ची आणू." तालुक्यात एक सलून बंद होत होतं. त्याची एकच खुर्ची विकायला होती. मी विचारायला गेलो तर मालक म्हणाला, "जो आधी पैसे आणील त्याची. तुमच्या गावचा नामाही विचारून गेलाय."

म्हणजे झालंच की! ज्याची खुर्ची, त्याचं गाव. दुसऱ्यानं पोतं गुंडाळायचं आणि लोकांच्या रानात खुरपायला जायचं.

मी बँकेत गेलो. साहेबांनी विचारलं, "तारण काय?"

"म्हणजे हो?"

"किमती वस्तू आमच्याकडं ठेवायची. कर्ज फिटलं की परत न्यायची."

"वस्तरा आहे," मी म्हणालो.

साहेब हसले. शिपाई हसला. पैसे भरायला आलेली एक म्हातारीही हसली. साहेब म्हणाले, "कर्ज मागायला जाताना घरात सगळ्यात किमती जे असेल ते सोबत न्यावं. लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं. लक्षात ठेवण्यात मी पक्का आहे. घोळ त्याच्या पुढं होतो.

घरी आलो. हौसा भाकऱ्या थापत होती. विचारलं, "हौसे, आपल्या घरात सगळ्यात किमती काय?"

"मी!" हौसा हसत म्हणाली. "दुसरं आहे काय या घरात?"

खरंच होतं. म्हटलं, "मग उद्या चांगलं लुगडं नेस. पतसंस्थेत जायचंय."

हौसाला वाटलं, सहीला बोलावलंय. बिचारी वेणी माळून आली. पतसंस्थेतल्या मॅनेजरांनी विचारलं, "बोला, काय घेऊन आलात?"

"हिला," मी म्हणालो.

"या कोण?"

"तारण. ठेवून घ्या. कर्ज फिटलं की घेऊन जाईन. भाकरी चांगली करते, तुमचीही सोय होईल."

मॅनेजरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "अहो, आमच्याकडं एवढ्याशा कर्जाला तारण नको असतं. दोन जामीनदार आणा. सगळं गाव ज्यांना ओळखतं असे. नाव काढलं की चौकशी करायला नको."

मी लक्षात ठेवलं. अजून विचारणार होतो, पण तोवर तारणानं मला दंडाला धरून बाहेर काढलं होतं. घरापर्यंत हौसा पुढं, मी मागं. रात्री ताटात नुसती भाकरी. कालवण मागितलं तर म्हणाली, "किमती बाईच्या हातची आहे. कोरडीच खा."

पतसंस्थेच्या दारात परत तोंड दाखवायचं नाही, असं तिनं बजावलं. सावकाराच्या दारात तर मुळीच नाही. मग राहिला तिचा मामा. बळवंतमामा शेजारच्या गावचा, घरचा बरा. "मामा हातउसने देईल," हौसा म्हणाली. "पण अवो, नीट जावा."

मी नीटच गेलो. सोबत दोन जामीनदार घेतले. एक गेनू. दिवसभर पिऊन मारुतीच्या पारावर पडलेला असतो, त्याला ओळखत नाही असं गावात कुणी नाही. दुसरा पांडा कोंबडीचोर. त्याला तर पोलीसपाटीलही नावानं हाक मारतात. कुणाचीच चौकशी करायला नको.

मामानं चहा मांडायला सांगितला आणि विचारलं, "हे कोण पाव्हणे?"

"जामीनदार," मी म्हणालो.

गेनूनं चहाऐवजी दुसरं काही आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर तो मामाच्या खाटेवर झोपला. पांडा "जरा परसात जाऊन येतो" म्हणून गेला. परत आला तेव्हा त्याचं पोट वाढलं होतं. उठताना ते पोट कॉक् कॉक् करायला लागलं.

मामानं आपली कोंबडी काढून घेतली. मग कपाळाला हात लावून म्हणाला, "रंगा, भाचीच्या संसारासाठी पैसे काढून ठेवले होते रे मी. पण असल्या संगतीत फिरणाऱ्याच्या हातात कसे देऊ? अरे, पैशाची गोष्ट करायला एकट्यानं यावं. आत आलं की दार लावून घ्यावं. हळूच कानात सांगावं."

मी लक्षात ठेवलं.

परत येताना समाजमंदिरासमोर बायकांच्या चपलांचा ढीग दिसला. आत शेवंताबाईंच्या बचत गटाची बैठक चालली होती. या बायका दर आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवतात आणि त्यातून एकमेकींना कर्ज देतात, हे मला ऐकून माहीत होतं. म्हटलं, देवच पावला! या खेपेला अजिबात चुकायचं नाही.

गेनू आणि पांडाला घरी पाठवलं. एकटा आत शिरलो. दार लावलं, कडी घातली. आत अंधार झाला. मी चाचपडत शेवंताबाईंजवळ गेलो आणि हळूच कानात म्हणालो, "मला हवंय. पण कुणाला सांगू नका."

पहिला झाडू कुणाचा बसला ते कळलं नाही. दुसरा हौसाचा होता. तो मला अंधारातही ओळखू येतो.

कुणीतरी दार उघडलं. मी बघतो तर खरंच, हौसा तिथं बायकांत! शेवंताबाई दम खात म्हणाल्या, "रंगा, मेल्या, इथं कानात काही चालत नाही. इथं सगळं चारचौघींत, मोठ्यानं! आणि तुला कशाला हवंय कर्ज? तुझी बायको कैक वर्षं गटात पैसे टाकतेय. तिला मिळंल."

मला माहीतच नव्हतं. मी तालुका पालथा घातला, आणि वाट माझ्याच चुलीपासून निघत होती.

हौसा उठून उभी राहिली. तिनं मोठ्यानं सांगितलं, खुर्ची कशाला हवी, गिऱ्हाईक कसं तुटलं, हप्ता कसा फेडणार. शेवंताबाईंनी विचारलं, "हौसाला द्यायचं का गं?" सगळ्या बायकांनी हात वर केले. ना तारण, ना जामीनदार. पतसंस्थेनं जिला ठेवून घेतलं नाही, तिच्या नुसत्या शब्दावर कर्ज मिळालं. मला भरून आलं. मी तिथंच डोळे पुसले.

नामाची बायको रखमाही बैठकीत होती. तिनंही खुर्चीसाठीच मागितलं होतं. पण पेटी रिकामी झाली. शेवंताबाई म्हणाल्या, "रखमा, पुढचा नंबर तुझा. पेटीत पैसे आले की आधी तुला." मग माझ्याकडं वळल्या. "आणि रंगा, ऐक. हप्ता आम्हाला मागायला लावायचा नाही. लवकर फेडेल त्याला पुढच्या खेपेला दुप्पट मिळतं."

मी लक्षात ठेवलं.

बैठक अजून संपली नव्हती, हौसाला उठता येत नव्हतं. तिनं पैसे रुमालात बांधून मला दिले. "अवो, आत्ताच्या एसटीनं जावा. खुर्ची घेऊनच या. वाटेत विचार करू नका."

वाटेत मी केलाच नाही. स्टँडवर केला. म्हटलं, लवकर फेडलं तर दुप्पट. दुप्पट म्हणजे दोन खुर्च्या. एक गिऱ्हाइकाला, एक मला. उकिडवं बसून कंबर गेलीय माझी. आणि आत्तापेक्षा लवकर तरी कधी फेडणार? एसटी आली. मी चढलोच नाही.

पळत समाजमंदिरात आलो. दार सताड उघडलं. चारचौघींत, मोठ्यानं ओरडलो, "शेवंताबाई, फेडलं! मागायला लावलं का? नाही! आता दुप्पट काढा!" आणि रुमाल पेटीत टाकला.

सगळ्या बायका हौसाकडं बघायला लागल्या. हौसा जमिनीकडं बघत होती.

शेवंताबाई म्हणाल्या, "अरे रंगा, दुप्पट पुढच्या खेपेला. सगळ्यांचे नंबर झाल्यावर."

तेवढ्यात रखमा उठली. "पैसे पेटीत आले न्हवं? मग नंबर माझा."

शेवटी हौसाच म्हणाली, "नियम आहे. द्या तिला." मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपलं काहीतरी चुकलंय.

दुसऱ्या दिवशी खुर्ची एसटीच्या टपावर बसून गावात आली. नामानं हाक मारली, "रंगा, जरा हात लाव की." मी लावला. जड होती.

नंतर कितीतरी दिवस हौसा माझ्याशी बोलली नाही. गिऱ्हाईक पिंपळाकडं निघालं. तरी काही म्हातारे पायाला जवळ म्हणून चिंचेखाली येत होते, तेवढाच आधार. एका रविवारी हौसानं घरातले होते नव्हते ते पैसे माझ्या हातात दिले. "हे बचतीचे, गटात भरा. आणि जाता जाता ती खुर्ची बघून या. काय घालवलंत ते कळू दे."

मी बघायला गेलो. नामा चांगला माणूस. म्हणाला, "बस की रंगा." मी बसलो. त्यानं गोल फिरवलं. वर केलं, खाली केलं. मान मागं टेकवली. गालाला फेस लावला. काय सांगू, मला झोप लागली! जागा झालो तेव्हा दाढी झाली होती.

उठलो आणि आठवलं. मागायला लावायचं नाही, आणि लवकर द्यायचं. पैसे खिशात होतेच. सगळे काढून नामाच्या हातावर ठेवले आणि चारचौघांत मोठ्यानं सांगितलं, "हे वर्षभराच्या दाढीचे! आगाऊ!"

रांगेत माझे म्हातारेही होते, त्याच खुर्चीचं कौतुक बघायला आलेले. ते एकमेकांना म्हणाले, "रंगाच इथं दाढी करतोय, मग आपण चिंचेखाली कशाला जायचं?" त्या दिवसापासून चिंचेखाली फक्त आरसा.

घरी गेलो. हौसानं माझे गुळगुळीत गाल बघितले. "दाढी कुणी केली?"

"नामानं."

"पैसे?"

"दिले."

"किती?"

"वर्षाचे."

हौसा उंबऱ्यावर बसली. आधी हसायला लागली. हसू थांबेना, मग पदरानं डोळे पुसायला लागली. मी लांबच उभा राहिलो, झाडू तिच्या हाताशी होता.

आता मी लोकांच्या रानात खुरपायला जातो. हौसाचा नंबर परत येईल तेव्हा दुसरी खुर्ची शोधायला तालुक्याला ती स्वतः जाणार आहे, मी ओट्यावरून हलायचं नाही असं ठरलंय. मी लक्षात ठेवलंय.

दर रविवारी मात्र नामाकडं जातो. ऊन असो, पाऊस असो, दाढी वाढलेली असो वा नसो. वर्षाचे पैसे भरलेत, ते काय वाया घालवू? एवढा काही मी भोळा नाही.