उतारावरचा वाळा

एके काळी एका डोंगराच्या अंगावर एक वृद्ध साधक राहत असत. लोक त्यांना तात्या म्हणत. त्यांची बाग म्हणजे नुसता उभा उतार! पाय घसरला की माणूस थेट खाली, पायथ्याशी राहणाऱ्या पारूबाईच्या परसात. दर पावसाळ्यात बागेची माती पारूबाईच्या मागच्या भिंतीशी जाऊन बसे. तात्यांचा शिष्य केरबा याने दगडी बांध घातला, तर तोही एका सरीत गडगडत खाली गेला. दैव बलवत्तर म्हणून कुणाला लागले नाही.

तेव्हा तात्यांनी काय करावे? उताराला आडव्या ओळी धरून वाळा लावला. हो, तोच वाळा, ज्याची सुगंधी मुळे आपण उन्हाळ्यात माठात टाकतो. रोपे जगेपर्यंत थोडे पाणी घातले, पुढे तेही बंद. ना खत, ना खुरपणी. वर्षातून एकदा विळा फिरवायचा आणि कापलेले गवत तिथेच पसरायचे. गावकरी हसले, "तात्या, गवतानं डोंगर थांबतो होय?"

"बघू या की," तात्या म्हणाले.

काही वर्षे गेली. माती हलली नाही. आणि माणसाचे असे असते बघा, संकट आले नाही की ते कुणी अडवले हे तो विसरतो. केरबाही विसरला.

एका उन्हाळ्यात तात्यांचे गुरुबंधू मुक्कामाला आले. आतिथ्यात उणे नको, म्हणून केरबाने मधल्या ओळीतला एक जाडजूड ठोंब खणून काढला आणि मुळे धुऊन माठात सोडली. पाणी असे काही घमघमले! पाहुणे तृप्त झाले. तात्यांनी मात्र पेला ओठांशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"कुठला रे वाळा?"

"आपल्याच बागेतला, तात्या!"

तात्या उठून बागेत गेले. खड्डा बुजवून त्यांनी तिथे नवी रोपे लावली. पण रोप लावले म्हणजे मूळ खोल गेले, असे थोडेच असते!

श्रावणात झड लागली. पारूबाईची लेक माहेरी आलेली, ओली बाळंतीण. सकाळीच तात्या घोंगडी घेऊन खाली उतरले. बाळंतिणीला त्यांनी पुढच्या सोप्यात हलवायला लावले आणि स्वतः मागच्या पडवीत जाऊन बसले, भिंतीला पाठ लावून, उताराकडे तोंड करून.

केरबा धावत आला. "तात्या, हे काय आरंभलंय? वर चला!"

"ओळीला भोक पडलंय. शिष्यानं पाडलं म्हणजे मीच पाडलं. माती आलीच, तर आधी माझ्या अंगावर येऊ दे."

केरबाही तिथेच उभा राहिला.

दुपारी वरून घरघर ऐकू आली. त्याच भोकातून मातीचा लोंढा सुटला. केरबा तात्यांच्या पुढे आडवा झाला. लोंढा खालच्या ओळीपाशी आला, पाती वाकली, आणि माती थांबली! मागे साठत राहिली. पातींमधून तेवढे पाणी झिरपले आणि परसातून गुमान ओढ्याला गेले. आत बाळ रडत होते, पारूबाई त्याला थोपटत होती.

पाऊस ओसरल्यावर तात्या केरबाला वर, माती सुटून पडलेल्या घळीपाशी घेऊन गेले. "त्या घळीत उतर आणि बघ."

माती तुटली होती तिथे शेजारच्या ठोंबांची मुळे उघडी पडली होती. वर कमरेएवढे गवत. मुळे मात्र घळीत उभ्या केरबाच्या डोक्यावरून सुरू होऊन त्याच्या पायांखाली गेलेली. केसांसारखी बारीक, दाट, आणि प्रत्येकीने माती घट्ट धरलेली. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"अबब! तात्या, एवढं सगळं खाली चाललं होतं?"

"बाळ, वाळ्याचा गंध मुळांत असतो हे तुला ठाऊक होतं. पण मूळ जमिनीत असतं तेव्हा त्याचा वास कुणालाच येत नाही. तेव्हा खाली पारूबाई निर्धास्त झोपलेली असते, एवढंच. पाहुण्यांचं समाधान तुला दिसलं. तिची झोप दिसली नाही."

केरबाला हुंदका आवरेना. तो घळीतून वर आला, घरात गेला आणि पेला भरून आणला.

"साधंच पाणी आहे, तात्या."

तात्या ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.