पोवळ्याची पहिली गोणी

फार पूर्वी, घाटात सडका नव्हत्या तेव्हा, बैलांचा एक तांडा पाठीवर गोण्या लादून मीठ वर नेत असे. त्या तांड्यात पोवळा नावाचा बैल नव्यानेच आला. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांत मोठी गोणी मागून घेतली.

म्होरक्या हरण्या म्हणाला, "बाबा, आधी अर्धीच घे. पाठीला सवय होऊ दे."

"मी काय कुणापेक्षा कमी आहे?" पोवळा फुरफुरला.

पहिल्या वळणापर्यंत तो ऐटीत चालला. दुसऱ्या चढाला त्याचे पाय लटपटले आणि भर वाटेत तो मटकन खाली बसला. आता हे सगळे हसतील आणि आपल्याला वाघाच्या तोंडी टाकून निघून जातील, या विचाराने त्याचा जीव घाबराघुबरा झाला.

पण कुणी हसलं नाही. हरण्याने दातांनी गाठ सोडली आणि अर्धं मीठ चौघांनी वाटून घेतलं.

"रागावला नाहीत?" पोवळ्याने हळूच विचारलं.

"अरे, पहिल्या खेपेला मी तर आडवाच झालो होतो! आता माझ्यामागून चाल. धाप लागली की हंबर."

पोवळा उठला. माथा येईपर्यंत तो तीनदा हंबरला आणि तिन्ही वेळा अख्खा तांडा थांबला.