झऱ्यापुढे वाचलेला अंक

“खरं सांगा बाबा, यातलं तुम्हाला आधीपासून किती ठाऊक होतं?”

पद्माकर केळुसकरांनी वाचून झालेल्या कागदांची घडी घातली आणि लतीफबाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

“काहीच नाही,” बाबा म्हणाले.

केळुसकरांना बरं वाटलं. शहरातल्या बँकेतून निवृत्त होऊन ते कातळवाडीला परतले, तेव्हापासून दर आठवड्याला ‘चौफेर’ नावाचा अंक काढत होते. थोडं विज्ञान, थोडं पर्यावरण, पैसा कसा राखावा, आणि शेवटच्या पानावर रोजच्या जगण्यातल्या गमती. वाचायचं एकट्याने, लिहायचं एकट्याने आणि हजारभर लोकांच्या मोबाईलवर धाडायचं. बाबांना वाचता येत नव्हतं. म्हणून दर गुरुवारी टेकडीवरच्या त्यांच्या झोपडीत येऊन केळुसकर अख्खा अंक वाचून दाखवत.

“मग आता ठाऊक झालं ना?”

“नाही.”

“म्हणजे?”

“तुला झालं का?”

केळुसकर हसले. “मीच लिहिलंय, बाबा.”

“ते मधमाश्यांचं काय होतं? परत वाच बरं.”

“कडक उन्हाळ्यात मधमाश्या ओल्या मातीतलं पाणी पोळ्यात नेतात आणि पंखांनी वारा घालून पोळं गार ठेवतात.”

“कुठे बघितलंस?”

“…वाचलं.”

बाबांनी मान वळवून खाली पाहिलं. टेकडीच्या पायथ्याशी वाडीचा झरा होता. महिन्यापूर्वी तो आटला आणि तेव्हापासून वाडी टँकरच्या पाण्यावर होती. ग्रामसभेत सगळ्यांनी केळुसकरांकडे पाहिलं होतं, कारण वाडीत शिकलेला माणूस तोच. केळुसकरांनी उभं राहून पावसाचे आणि भूजलाचे आकडे सांगितले आणि निकाल दिला होता: झरा संपला, बोअर मारा. मुलींच्या अभ्यासिकेसाठी जमवलेले पैसे त्यात जाणार होते. उद्या दुपारी मशीन येणार होतं.

“झरा मेला असं तूच सांगितलंस?”

“आकडेच तसे आहेत, बाबा.”

“गेला होतास बघायला?”

केळुसकरांनी कागदांची घडी आणखी एकदा दुमडली.

“मग आता जा. हे त्याला वाचून दाखव.”

“कोणाला?”

“झऱ्याला.”

केळुसकरांची कानशिलं तापली. थट्टा असेल म्हणून ते थांबले. पण बाबांनी डोळे मिटले होते, आणि मिटलेल्या डोळ्यांशी वाद घालता येत नाही.

ते खाली उतरले. कोणी बघत नाही ना याची खात्री केली. कोरड्या दगडी कुंडासमोर बसले, घसा साफ केला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत होता. सगळं बरोबर होतं, सगळं नेमकं होतं, आणि समोर नुसता दगड होता. मधमाश्यांच्या मजकुराशी आले आणि त्यांनी कागद मांडीवर ठेवले.

कानाजवळून काहीतरी गुणगुणत गेलं.

मग आणखी एक. मग दोन.

केळुसकरांनी मान वर केली. सगळ्या एकाच दिशेला चालल्या होत्या, दहा-बारा पावलांवरच्या घाणेरीच्या जाळीमागे. ते उठले. वाट नव्हती, म्हणून रांगले. काट्यात सदरा फाटला.

जाळीमागे तळहाताएवढा चिखल होता. त्याच्या काठावर वीसेक मधमाश्या माना खाली घालून बसल्या होत्या. पीत होत्या.

केळुसकर किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. मग त्यांनी हळूच बोट खुपसलं. गार! बोट पेरापर्यंत आत गेलं. वर पाहिलं तर महिन्यापूर्वीच्या अवकाळी पावसात दरडीचा एक ढिगारा घसरून बरोबर झऱ्याच्या तोंडावर येऊन बसलेला. पाणी संपलं नव्हतं. कोंडलं होतं.

ते धावत सुटले. बासष्टाव्या वर्षी माणूस असा धावत नाही.

“सुलभाताई! मशीन थांबवा!”

सरपंच सुलभा घाग अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. “अहो काका, तुम्हीच तर बोलवायला लावलंत!”

“मी चुकलो.”

हा शब्द त्यांनी चारचौघांत कधी उच्चारला नव्हता. शेजारची दोन-चार माणसं ओट्यावर आली, तेव्हा त्यांनी तो पुन्हा उच्चारला. मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा बायका आणि पाच पुरुष पहारी घेऊन दरडीला भिडले. केळुसकर घमेली उचलत होते. निरोप पोचेपर्यंत मशीन निघालेलं होतं; दुपारी ते आलंच. त्याचा ड्रायव्हर खाली उतरून चाकाला टेकून बघत राहिला.

“दोन तास देतो,” तो म्हणाला. “मग मला दुसरीकडे जायचंय.”

तासाभरात पहारीचा आवाज बदलला. सुलभाताईंनी जोर लावून ती उपटली आणि भोकातून तांबडा गाळ भसकन बाहेर आला. मग गढूळ पाणी. मग पुष्कळ पाणी. मग… तळ दिसेल असं नितळ पाणी, कुंड भरून ओसंडणारं.

एकच आरडाओरड झाली. सुलभाताईंनी घमेलंभर पाणी स्वतःच्याच डोक्यावर ओतून घेतलं. ड्रायव्हरने बाटली भरली, हात हलवला आणि मशीन परत नेलं. अभ्यासिका वाचली होती.

लतीफबाबा काठी टेकत खाली आले. केळुसकर कोपरापर्यंत चिखलात होते आणि त्यांचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

“बाबा, एक सांगा. महिनाभर चाळीस घरांना जे कळलं नाही, ते त्या एवढ्याशा जिवांना कसं कळलं?”

मधमाश्या आता कुंडाच्या काठावर उतरत होत्या. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले.

“त्यांच्यासाठी टँकर येत नव्हता ना.”