राजाच्या उड्या आणि साळूची चवळी

"पुढच्या चैत्री पौर्णिमेला माझे पाय भाजले, तर ही बाग सोडायची!" धवलसेन राजाने सोनबा माळ्याला बजावलं.

सोनबाला घाम फुटला. मोसंबीचं एकेक झाड त्याने लेकरासारखं वाढवलं होतं. पण राजाचंही खोटं नव्हतं. वर्षातून एकदा भर दुपारी त्याने राजवाड्यापासून देवीच्या देवळापर्यंत, याच बागेतून, अनवाणी जायचं अशी रीत होती. वाटेवर पाणी शिंपडायचं नाही की माणसाने अंथरलेलं काही पायाखाली येऊ द्यायचं नाही. त्यात राजाला स्वच्छतेचं भारी वेड. झाडांखाली गवताची काडी दिसली तरी त्याला घास गिळवत नसे. म्हणून बाग रोज झाडून लख्ख, आणि दुपारी माती नुसता तवा!

मग राजा उड्या मारत जाई. राजा उड्या मारतो म्हटल्यावर दरबाऱ्यांनी चालायचं कसं? तेही मागून उड्या मारत. ढोलवाल्यांनी तर उड्यांचा ठेकाच बसवला होता. लांबलांबचे लोक भाकऱ्या बांधून हा सोहळा बघायला येत आणि पदरात, उपरण्यात तोंड खुपसून हसत.

सोनबाची लेक साळू बापामागे उभी होती. ती पुढे झाली. "महाराज, पाय भाजणार नाहीत. फक्त वर्षभर बागेतले झाडू शस्त्रागारात ठेवा, आणि तुम्ही बागेत डोकावू नका."

"झाडू? शस्त्रागारात?"

"आमच्या मातीला जखमा त्यांच्याच होतात, महाराज."

राजाला गंमत वाटली. त्याने झाडू तलवारींशेजारी टांगायला लावले. कारभारी त्र्यंबकपंतांनी मात्र नव्या माळ्याचा शोध त्याच दिवशी सुरू केला.

पावसाळ्यात साळूने झाडांच्या ओळींमध्ये ताग पेरला आणि पिवळी फुलं येताच खत म्हणून मातीत गाडून टाकला. माघात तिथे चवळी टोकली. सोनबा कुरकुरला, की मी जन्मभर तण उपटलं आणि लेक हाताने रान माजवते.

"आबा, तुम्ही उन्हात मुंडासं का बांधता?"

"डोकं तापू नये म्हणून."

"मग मातीनं उघडंबोडकं का फिरावं?"

झाडांना दिलेल्या पाण्यावरच चवळी फोफावली. खालची ओल टिकली, मोट कमी चालवावी लागली, आणि बैल बसून बसून इतके सुटले की सोनबाला त्यांची लाज वाटू लागली.

चैत्री पौर्णिमा आली. राजाने धोतर खोचलं, दात आवळले, डोळे गच्च मिटले आणि बागेत पाय टाकला. तो थबकला. त्याने एक डोळा उघडला. पायाखाली हिरवीगार, मऊ, गार चवळी! राजा चक्क चालू लागला. मागे ढोल वाजतच होते. त्याने वळून पाहिलं, तर सगळा दरबार उड्या मारतोय.

"पंत, तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही, महाराज. सवय!" पंत ओशाळले आणि ओशाळलेपण झाकायला ओरडले, "पण रीत मोडली! या पोरीने हिरवी सतरंजी अंथरली आहे. बाग काढून घ्या!"

ढोल थांबले. सोनबाने जवळच्या झाडाला घट्ट धरलं.

साळू म्हणाली, "पंत, माणसानं अंथरलेलं माणसाला गुंडाळता येतं. ही सतरंजी तेवढी गुंडाळून दाखवा. आम्ही आत्ताच बाग सोडतो."

पंतांनी एक वेल ओढला, तो तुटला. दुसरा ओढला, तोही तुटला. मग त्यांनी दोन्ही हातांनी बुडखाच धरला, हिसका दिला आणि धपकन मागे बसले. हातात मुळांसकट एक ढेकूळ! राजाने ते घेऊन गालाला लावलं.

"चैत्रात माती इतकी गार?"

"पांघरूण आहे ना अंगावर, महाराज. मी फक्त बी दिलं. ओढून घेतलं ते तिचं तिनंच."

राजा इतका हसला की मुकुट कानावर आला. "बाग पिढ्यान्‌पिढ्या तुमची! आणखी काय हवं ते माग."

साळूने गर्दीकडे पाहिलं. भाकऱ्या बांधून आलेल्यांची तोंडं उतरली होती.

"महाराज, ही माणसं लांबून आलीत," ती म्हणाली. "आता पाय भाजत नाहीत, तर उड्या जरा उंच मारता येतील."

राजाने धोतर पुन्हा खोचलं, ढोलवाल्यांना खूण केली आणि पहिली उडी स्वतः मारली.