पत्र्यावरचं नाव

मंगळवारी सकाळी दीना मालकांच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती, तेवढ्यात बातमी आली. चर्चमागच्या खोलीचे पत्रे वाऱ्याने उडाले! त्या खोलीत राहत होती दीनाची आंधळी मावशी, मार्थाबाई. पावसाळा तोंडावर आलेला. दीनाने पिठाचे हात पदराला पुसले आणि पडवीकडे धाव घेतली.

पाळकसाहेब आधीच मालकांसमोर येऊन बसले होते. मालक म्हणजे सावळेराम उजागरे, मंडळीतले सगळ्यांत मोठे दाते. चर्चच्या बाकांवर त्यांचं नाव, घंटेवर त्यांचं नाव. पंख्याच्या तिन्ही पात्यांवरही तेच. फिरताना नाव वाचता येत नाही, म्हणून पंखा भर उन्हाळ्यातही बंद!

"पत्रे देतो की! गोदामात नवेकोरे पडलेत," मालक म्हणाले. "पण गेल्या रविवारी तुम्हीच उपदेश केलात ना, उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये म्हणून? आता नाव घातलं तर प्रभू रागावणार. नाही घातलं तर मला झोप येणार नाही! तेव्हा असं करा. नाव हवंच, हातभर अक्षरांत. पण येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडता कामा नये. जमवा, आणि आजच पत्रे घेऊन जा!"

पाळकसाहेबांनी कपाळ पुसलं. "हे कसं जमायचं, उजागरेसाहेब?"

"मग माझाही नाइलाज आहे!" मालक खुशीत सुपारी कातरू लागले.

"जमेल की, मालक," दारातून दीना म्हणाली.

"तू भाकरी बघ, दीने. करपेल!"

"चुलीतला जाळ ओढूनच आलेय. नाव पत्र्यावर घाला. वरच्या अंगाला, आभाळाकडे तोंड करून!"

अडकित्ता थांबला.

"रस्त्यावरून कुणाला दिसायचं नाही. ज्याला दिसायला हवं, तो वरूनच बघतो. आणि हातभर कशाला? चांगली दोन हात अक्षरं काढा, जागा भरपूर आहे!"

"आणि वर कावळे बसले म्हणजे?"

"बसू द्या. त्यांना कुठं वाचता येतंय!"

पाळकसाहेबांना ठसका लागला. मालकांनी ओठ आवळून धरले, पण पोट हलायला लागलं. मग ते असे हसले, की सुपारीची खांडं पडवीभर उडाली.

"हरलो बुवा! अरे, गाडी जुंपा! आणि दीने, गोठ्यातली काळी शेळी सोडून ने. बक्षीस तुला!"

"तिच्यावर नाव घालणार नाही ना, मालक?"

"चालती हो!"

दिवस मावळायच्या आत मार्थाबाईच्या डोक्यावर छप्पर आलं. त्यावर नाव रंगवायचं मात्र राहूनच गेलं.