सुरंगीच्या तीन कळ्या

डोंगराच्या कुशीत आणि समुद्राच्या हाकेवर सुरंगवाडी नावाचे एक इवले गाव होते. गावाभोवती सुरंगीची उंच, हिरवीगार झाडे होती. उन्हाळा तोंडावर आला की त्यांच्या फांद्यांना टपोऱ्या मोत्यांसारख्या कळ्या लगडत, आणि ऊन चढले की त्या उमलून सारे गाव केशरी सुगंधाने भरून जाई.

गावाच्या टोकाला, फुटक्या कौलांच्या घरात कुंदा आणि तिची आई राहत. बाबा गेल्यापासून त्या घरात सुखाचे दिवस पाहुण्यांसारखे येत, मोजके आणि परतायच्या घाईत. तांबडे फुटले की कुंदा दोरीच्या आधाराने झाडावर चढे आणि कळ्या खुडी. त्या उमलायच्या आत खुडाव्या लागत, कारण उमललेली सुरंगी वळेसराच्या गजऱ्यात टिकत नाही. खाली अंथरलेल्या लुगड्यावर कळ्यांचा सडा पडे आणि आई त्या दोऱ्यात गुंफून वळेसर करी. ते विकले गेले की चूल पेटे. मग कुंदा शाळेत जाई आणि सगळ्यांच्या पुढे राही.

आता मात्र शाळा संपली होती. शेवटच्या परीक्षेतही ती पहिली आली होती, आणि एका प्रश्नाने तिची झोप उडवली होती. पुढे काय?

इतर गावांत बाळ पहिला वरणभात चाखते तेव्हा त्याच्यापुढे चार वस्तू मांडतात आणि ते कशाला हात घालते हे कौतुकाने पाहतात. सुरंगवाडीत ही उष्टावण दोनदा होई. शाळा संपलेल्या मुलांसाठी देवळाच्या अंगणात मोठा पाट मांडीत. त्यावर लेखणी, तराजू, विणकराचा धोटा, वैद्याचा खल आणि नाखव्याची दोरी अशा वस्तू ठेवीत. मूल जे उचलील ती त्याची वाट, आणि त्या वाटेने त्याला पोचवणे हे गावाचे काम. उचललेली वस्तू परत ठेवता येत नसे. “हाताला ग्रामदेवता दिशा देते,” असे सारे मानीत.

पण कुंदाचे कान तीक्ष्ण होते. मुलाचा हात लेखणीजवळ गेला की गावचे मानकरी आबा खोकत. तराजूजवळ गेला की शेजारच्या पारूकाकी खाकरत. ज्या बाजूला खोकला जास्त, त्या बाजूला मुलाचा हात वळे. यात कोणी लबाडी करीत नसे. ज्याला त्याला आपला खोकला ऐकूच येत नसे, इतकेच.

उद्या कुंदाची पाळी होती.

“कुंदे, ठरलं का गं?” त्या सकाळी पारूकाकींनी कुंपणावरून विचारले.

“अजून नाही, काकी.”

“एवढी हुशार पोर, आणि अजून नाही? आमच्या दामूला बघ. त्याचं पाळण्यातच ठरलं होतं.”

“त्याचं ठरलं होतं की तुमचं?”

“चुरूचुरू बोलायला मात्र तयार!” काकी हसल्या. “आणि हे बघ, उद्या देवळात वळेसर खूप लागतील. शेंड्याची फांदीही खुड. कळ्या वाया कशाला घालवतेस?”

कुंदाने नुसती दोरी उचलली. शेंड्याची फांदी मधमाश्यांची, असे बाबा म्हणत. गावात बाकी सर्वांनी ती रीत सोडली होती. घरात तांदळाचे डबे खडखडत असतानाही कुंदाने ती सोडली नव्हती. त्या दिवशीही खालच्या फांद्या खुडून झाल्यावर ती शेंड्यापाशी थबकली, भरगच्च कळ्यांकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

तेवढ्यात शेंड्यावरची एक कळी आतून उजळली. तिच्या पाकळ्या अलगद दूर झाल्या आणि आतून एक चिमुकली परी बाहेर आली. तिचे पंख दवाच्या पडद्यासारखे पारदर्शक होते. परकर सुरंगीच्या पाकळीसारखा दुधाळ होता आणि केसांत केशरी परागांची चमचम होती.

“माझे घर दर वर्षी वाचवणारी मुलगी तूच ना?” परीने विचारले. तिचा आवाज चांदीच्या घुंगरासारखा, पण शांत होता.

“मी तर माश्यांसाठी ठेवते,” कुंदा चाचरत म्हणाली.

“त्याही माझ्या शेजारणीच आहेत. बोल, काय हवे?”

“माझी वाट कोणती, तेवढे सांग.”

परीने मान हलवली. “ते सोडून माग. कुणाची वाट ठरवण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण मी तुला तीन कळ्या देते. एक कळी मुठीत धरून डोळे मिटलेस की एक आयुष्य जगून पाहशील. पानावरचा थेंब मातीवर पडायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात परत येशील. आता नियम ऐक. त्या आयुष्यात तुला एकच प्रश्न विचारता येईल. परतताना पाहिलेले सारे विसरशील, आणि बरोबर येईल तो फक्त तुझा प्रश्न.”

“मग उपयोग काय? उत्तर नको का आठवायला?”

“उत्तरे सगळ्यांना सारखीच मिळतात, कुंदा. प्रश्न मात्र ज्याचा त्याचा असतो.”

कुंदाने पहिली कळी मुठीत धरली. क्षणात ती राजधानीतल्या संगमरवरी औषधशाळेत उभी होती. निळ्या, जांभळ्या, सोनेरी कुप्या झगमगत होत्या. लोक तिला नमस्कार करीत होते आणि ती खलात औषध कुटत होती. मग डोळे उघडले आणि सारे दवासारखे विरून गेले. ओठांवर उरला एवढाच प्रश्न: “औषधासाठी साल काढली, की झाडाची ती जखम भरते का?”

दुसऱ्या कळीने तिला पांढऱ्या शिडांच्या गलबतावर नेले. पाचूसारखे पाणी उसळत होते. गलबताच्या पोटात रेशमाचे तागे होते, आणि एका कोपऱ्यात कुंड्यांमधून मिरीची रोपे दूरच्या बंदराला निघाली होती. हेही विरले. उरला प्रश्न: “परक्या मातीत ही रोपे कशाने जगतात?”

तिसरी कळी हातात घेतली आणि कुंदाची नजर खाली गेली. आई गुडघ्यावर हात दाबत उठत होती, पुन्हा बसत होती आणि कळ्या गुंफत होती. देवळातल्या पाटापुढे आई कधी बसलीच नव्हती. तिच्या वेळी वळेसर करणाऱ्यांच्या मुलींना कोणी बोलावीत नसे.

“ही आईला दिली तर चालेल?”

“चालेल,” परी म्हणाली. “पण मग तुला चौथी मिळणार नाही.”

कुंदा सरसर खाली उतरली आणि तिने सारे सांगितले. आई खळखळून हसली. “मला कसली गं आता वाट? मी निघाले तेव्हाच पोचले!” तरी लेकीचा हट्ट म्हणून तिने कळी मुठीत धरली आणि डोळे मिटले.

पानावरून थेंब मातीवर पडला. आईने डोळे उघडले, तेव्हा ते भरले होते.

“काय विचारलंस, आई?”

“कुठे ते आठवत नाही,” आई हळूच म्हणाली. “पण विचारलं, ‘बुवा, माझा आवाज अजून लागेल का हो?’”

कुंदा थक्क झाली. देवळात वळेसर द्यायला गेलेली आई पायरीवर उगाचच रेंगाळते, आणि नेमक्या त्याच वेळी आत बुवांचे गाणे चालू असते, हे तिने रोज पाहिले होते. तिला ते कळले मात्र आज. आजवर कुंदाला वाटत होते की आईला हवी असलेली एकमेव गोष्ट म्हणजे आपण, आणि म्हणून आपल्याला कुठे जाता येणार नाही.

“आई, मी लांब गेले तर?”

“तर मी आधी रडेन,” आई म्हणाली, “मग बुवांकडे जाईन. हलक्या हाताने कळ्या खुडायला दामू आहे की. काकी म्हणतात तेवढा तो तराजूचा नाही. झाडावरून उतरतच नाही मेला.”

कुंदा हसली आणि हसता हसता थांबली. जखम भरते का? रोपे कशाने जगतात? दोन्ही आयुष्यांतले बाकी काही आठवत नव्हते, पण दोन्हींत तिने विचारले होते ते झाडांविषयी. लहानपणापासून ती आणखी एक प्रश्न विचारत आली होती: सुरंगी दर वर्षी थोडी कमी का फुलते? त्याचे उत्तर गावात कोणालाच देता आले नव्हते. तिसरी कळी तिला हवी होतीच कशाला? ते आयुष्य ती जगतच होती.

दुसऱ्या दिवशी देवळाचे अंगण फुलून गेले होते. कुंदा पाटापुढे बसली. हात पुढे केला. लेखणीपाशी आबा खोकले. तराजूपाशी काकी खाकरल्या. खलापाशी तर शाळेच्या गुरुजींना असा ठसका लागला की पाणी आणावे लागले. कुंदाने हात मागे घेतला. मग तिने केसांतली सुरंगीची कळी काढली, पाटाच्या मधोमध ठेवली आणि तीच उचलली.

अंगणात कोणी खोकले नाही.

“हे पाटावर नव्हतं,” आबा म्हणाले.

“आता होतं, आबा. ठेवू नये असा नियम आहे का?”

आबांनी आठवून पाहिले. उचललेले परत ठेवू नये, असा नियम होता. नवे ठेवू नये, असा नव्हता. “पण ही वाट जाते कुठे?” त्यांनी विचारले.

“घाटमाथ्यावर वनविद्येचा मठ आहे,” पाणी पिऊन सावरलेले गुरुजी म्हणाले. “झाडांचे आजार तिथे शिकवतात. आपल्याकडून आजवर कोणी गेले नाही, कारण कोणी विचारले नाही.”

“मला जायचं आहे,” कुंदा म्हणाली, “आणि परत यायचं आहे. सुरंगी कमी का फुलते, ते शोधायला.”

आबांनी आईकडे पाहिले. आईने मान डोलावली. “मग गाव तुला पोचवील,” आबा म्हणाले.

त्याच क्षणी कुंदाच्या तळव्यावरची कळी उमलली. केशरी परागांतून परी वर आली. “बाकीचे विसरलीस तरी चालेल,” ती हळूच म्हणाली, “प्रश्न सांभाळ.” मग तिच्याभोवती सोनेरी उजेड दाटला, अंगणभर पसरला, प्रत्येकाच्या कपाळावर क्षणभर टेकला आणि सुगंधात मिसळून गेला. शेंड्याच्या फांदीवर तेवढ्या मधमाश्या गुणगुणत राहिल्या.

कुंदा घाटमाथ्यावर गेली. संध्याकाळी देवळात एक नवा, जरासा कापरा आवाज ऐकू येऊ लागला. कुंदा परतली तेव्हा तिने गावाला पहिला धडा दिला तो हा: शेंड्याची फांदी सर्वांनी सोडायची; मधमाश्या टिकल्या तरच बी धरेल आणि नवी झाडे उगवतील. काही वर्षांनी सुरंगी पुन्हा भरभरून फुलू लागली.

तेव्हापासून सुरंगवाडीच्या पाटावर मधोमध एक जागा रिकामी ठेवतात. खोकला अजून येतो, पण आता तो सर्दीचाच असतो. कुंदाला तिचा प्रश्न सापडला, तसा तुम्हांआम्हांला आपापला सापडो.